जुन्या टूरिंग मोटारसायकलचा रास्त भाव

जुन्या मोटारसायकलची रास्त किंमत तीन प्रश्नांच्या उत्तरांतून निघते. तशीच गाडी आज नवी घेतली तर किती पडेल? समोरची गाडी तिच्या तुलनेत किती झिजली आहे? आणि ती पुन्हा लांबच्या प्रवासाला लायक करायची तर किती पैसे घालावे लागतील? मालकाने ती केवढ्याला घेतली होती, तिच्यावर किती जीव लावला किंवा त्याला आज पैशाची किती निकड आहे, याचा या हिशेबाशी संबंध नाही. कोकण किनाऱ्यावरच्या वेंगुर्ल्यात मात्र आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. गाडी समुद्रापासून किती अंतरावर आणि कशी ठेवलेली होती? किनाऱ्यावर मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा हवेतले मीठ गाडीला लवकर म्हातारी करते. कोल्हापूर-पुण्याचे भाव पाहून इथल्या गाडीची किंमत बांधणारे बहुधा याच ठिकाणी चुकतात.

टूरिंगची मोटारसायकल म्हणजे सामान आणि मागे माणूस घेऊन दिवसाला तीन-चारशे किलोमीटर विनातक्रार चालणारी गाडी. पूर्वी या कामाला बुलेट, येझदी किंवा राजदूत एवढीच निवड होती. बजाजची अव्हेंजर २००५ मध्ये आली. २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बजाजची डॉमिनार ४०० बाजारात आली. मग २०१८ मध्ये इंटरसेप्टर ६५०, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आणि २०२० मध्ये केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, मिटिऑर ३५०, होंडाची सीबी ३५० अशी रांगच लागली. म्हणून आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या टूरिंग गाड्यांपैकी बऱ्याचशा दहा वर्षांच्या आतल्या आहेत. या दहा वर्षांत नियमही बदलले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे झाले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालतील असे बनू लागले. एकाच नावाच्या दोन गाड्यांत या तारखांमुळे किमतीची मोठी दरी पडते. हिमालयनच्या बाबतीत पहिल्या गाड्या कार्बोरेटरच्या, २०१७ पासूनच्या फ्युएल इंजेक्शनच्या आणि २०२० पासूनच्या बीएस-६ आहेत. जाहिरातीत तिन्ही ‘हिमालयन’च असतात.

हिशेबाचा पाया म्हणजे नव्या गाडीची आजची किंमत. जुनी वस्तू नवीपेक्षा महाग विकली जाण्याचा काळही महाराष्ट्राने पाहिला आहे. परवाना राज्यात आकुर्डीच्या कारखान्यातून येणाऱ्या बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि हातात आलेली स्कूटर दुसऱ्याच दिवशी छापील किमतीपेक्षा जास्त भावाने जाई. तेव्हा जुनीच्या किमतीला वरची मर्यादा नव्हती. आज पैसे मोजले की काही दिवसांत नवी गाडी दारात येते, म्हणून नवीची किंमत हेच छप्पर. तिथून खाली मोजत यायचे.

हे छप्परही स्थिर नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता, तो थेट ४० टक्के झाला. नुसत्या कराच्या गणिताने पहिल्या वर्गातली नवी गाडी आठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त होते आणि दुसऱ्या वर्गातली सातेक टक्के महागते. ३४९ सीसीची क्लासिक किंवा मिटिऑर २०२३ मध्ये घेणाऱ्याने आजच्या ग्राहकापेक्षा जास्त कर भरला. ‘मला एवढ्याला पडली’ हे त्याचे म्हणणे खरे असते, पण ते पैसे परत मिळण्यासारखे नाहीत. उलट ३७३ सीसीची जुनी डॉमिनार किंवा ६४८ सीसीची इंटरसेप्टर विकणाऱ्याला या बदलाने थोडा हात दिला. नवीची किंमत पाहताना शोरूम किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत वेगळी ठेवावी. कर, नोंदणी, विमा, हँडलिंग यांवर गेलेला पैसा पहिल्या दिवशीच संपलेला असतो. त्यातला फक्त भरलेला आजीवन रस्ता कर आणि विम्याची उरलेली मुदत एवढेच पुढच्या मालकाच्या कामी येते. मूळ मॉडेल बंद झाले असेल, जशी ४११ सीसीची हिमालयन २०२३ मध्ये ४५० ला जागा देऊन गेली, तर त्याच ताकदीच्या आणि त्याच उपयोगाच्या सर्वांत जवळच्या नव्या गाडीशी तुलना करावी.

वयाप्रमाणे किंमत किती घटते याचा एक सर्वमान्य तक्ता विमा कंपन्यांकडे आहे. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली तर किती रक्कम द्यायची हे त्यावरून ठरते. नोंदणी व विमा वगळून कंपनीची जाहीर किंमत धरतात आणि सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट लावतात. पाच वर्षांपुढे आकडा दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरतो. हा तक्ता विक्रीचा भाव सांगण्यासाठी केलेला नाही. मागणी असलेल्या गाडीला बाजार याहून जास्त देतो. विशेषतः ज्या गाडीला कुडाळ-सावंतवाडीचा कोणताही मेस्त्री हात घालतो, ती इथे लवकर आणि चांगल्या भावाने जाते. ज्या गाडीचा प्रत्येक बिघाड शोधायला कंपनीचा संगणक लागतो, ती शहरात कितीही मानाची असली तरी तालुक्याच्या ठिकाणी तिचे गिऱ्हाईक कमी. पण बोलणी सुरू करायला या तक्त्याइतका निःपक्षपाती आकडा दुसरा नाही, कारण तो विकणाऱ्याच्याच विम्याच्या कागदावर छापलेला असतो.

त्यानंतर त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाड्या परिसरात काय भावाने जातात ते पाहायचे. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक असतो. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो आणि महिनाभर तोच आकडा तसाच दिसत राहिला तर तो जास्त आहे असे समजावे. दलालाकडची गाडी त्याच्या नफ्याएवढी महाग असणारच. नोंदणीकृत विक्रेत्याला आपल्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. एका माणसाने दुसऱ्याला खासगीत विकलेल्या गाडीवर हा कर नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. गाडीचे दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत दोष धरूनच भाव सांगतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. वेंगुर्ल्यासारख्या लहान गावात ही अडचण बरीच कमी होते. गाडी कोणाची, तो ती कशी चालवतो, ती कुठे पडली, कोणत्या मेस्त्रीकडे उघडली, हे चार घरी विचारले तरी कळते. ही माहिती फुकट मिळते आणि ती रास्त भावाच्या जवळ नेणारी सर्वांत मोठी गोष्ट आहे. बाहेरगावाहून आलेल्या गाडीबद्दल असे विचारता येत नाही. म्हणून तिची तपासणी दुप्पट बारकाईने करावी.

आता मिठाबद्दल. समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात. त्यांतले पाणी उडून जाते आणि मीठ वस्तूंवर बसते. किनाऱ्यालगतच्या पहिल्या काही शे मीटरांत हा मारा सर्वाधिक असतो आणि आत जाऊ तसा झपाट्याने कमी होतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून थेट आत येतो, तेव्हा हा मारा सर्वांत जोरात असतो. मिठाचा एक गुण इथे घातक ठरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे छपराखाली उभ्या, एक थेंबही पाऊस न लागलेल्या गाडीच्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर दिवस-रात्र टिकून राहतो. गंज चढायला याहून चांगली परिस्थिती नाही. नुसती ताडपत्री टाकून झाकलेली गाडी आणखी वाईट, कारण आत दमटपणा कोंडतो.

हे नुकसान टाकीच्या चकचकीत रंगावर दिसत नाही. ते पाहायला गुडघ्यावर बसून खाली डोकावावे लागते. पहिली जागा पुढच्या शॉकअपच्या नळ्यांची. या नळ्यांवरच्या कडक क्रोमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले की प्रत्येक हेलकाव्याला ते ऑइल सीलची कड कापतात आणि नळीवर तेलाची रेघ दिसू लागते. सील बदलून हा दोष जात नाही, नळ्याच बदलाव्या लागतात. दुसरी जागा चाकांची. तारांच्या चाकात प्रत्येक तारेचे रिमकडचे टोक पाहावे. तिथे गंज धरला की चाक सरळ करताना तारा तुटतात. तिसरी सायलेन्सरची, त्यातही त्याच्या पोटाखालची बाजू आणि जोड. तिथे बोटाने दाबून पाहावे. चौथी चेसिसचे जोड, मधल्या स्टँडची बिजागरे आणि मागच्या सामानाच्या कॅरियरचे बोल्ट. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनावर पांढरी भुकटी दिसते ती वरवरची असेल तर काळजी नाही, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलेले लोखंडी बोल्ट खाऱ्या ओलीत जाम होतात आणि उघडताना डोकी तुटतात. मेस्त्रीचे एका तासाचे काम अर्ध्या दिवसाचे होते. शेवटी वायरिंग. सीट काढून दोन-तीन कपलर सोडवावेत. आतल्या तांब्यावर हिरवट थर असेल तर पुढची दोन वर्षे कधी हॉर्न, कधी सेल्फ, कधी सेन्सर अशी दुखणी येत राहतील. एबीएस आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ही गोष्ट विशेष गंभीर, कारण तिथे दोष शोधण्याचा खर्चच सुट्या भागापेक्षा जास्त होतो.

सागरेश्वर, मोचेमाड, शिरोडा यांसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीची कडक वाळू पाहून गाडी घालण्याचा मोह अनेकांना होतो. अशा गाडीच्या चाकांच्या बेअरिंगात, चेनमध्ये आणि ब्रेक कॅलिपरच्या पिनांत खारी वाळू सापडते. मासळीच्या वाहतुकीला वापरलेली गाडीही ओळखता येते. बर्फाचे खारे पाणी मागच्या चाकावर आणि चिमट्यावर सतत ठिबकलेले असते, त्यामुळे गाडीचा पुढचा अर्धा भाग चांगला आणि मागचा सडलेला दिसतो. टूरिंग गाडी या कामाला सहसा कोणी लावत नाही, पण जुन्या बुलेट लावलेल्या असतात.

मीटरवरचा आकडा हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो. तो पहिला असायला नको. हमरस्त्यावर एका लयीत चाललेली तीस हजार किलोमीटरची गाडी, बाजारपेठेत रोज दोन-दोन किलोमीटर चालवलेल्या दहा हजारांच्या गाडीपेक्षा आतून चांगली असू शकते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि पेट्रोल साचते आणि पिस्टनच्या रिंगा त्या पातळ ऑइलवर झिजतात. शिवाय मीटरचा आकडा मागे फिरवता येतो. तो पडताळायला सर्व्हिस सेंटरची जॉब कार्डे सर्वांत विश्वासाची, कारण प्रत्येक भेटीला त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. कागद नसतील तर गाडीच सांगते. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट लावून लागणारी धार, पायाच्या रबरांची झीज, सीटचा दबलेला फोम आणि गिअरच्या दांडीचे टोक आकड्याशी जुळले पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. तिच्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. बारा हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीला मूळ टायर जाऊन दुसरे आणि तेही झिजलेले असतील तर खुलासा मागावा.

कोकणात याच्या उलट प्रकारची गाडी मोठ्या प्रमाणात मिळते. मुंबईच्या चाकरमान्याने गावी ठेवलेली गाडी गणपतीत आणि मे महिन्यात चालते, उरलेले वर्ष पडवीत किंवा मांगरात उभी असते. सात-आठ वर्षांची गाडी आणि मीटरवर नऊ हजार किलोमीटर पाहून गिऱ्हाईक हुरळते आणि विकणाराही ‘फक्त नऊ हजार’ म्हणून जास्त मागतो. उभी राहिलेली गाडी मात्र न वापरता झिजलेली असते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते, ते पाणी टाकीच्या तळाला बसते आणि टाकी आतून गंजते. कार्बोरेटरची भोके चिकटून बुजतात, इंजेक्शनच्या गाडीत पंप अडकतो. सील वाळून कडक होतात, टायर एकाच जागी दबून चिरतात, बॅटरी जाते आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेले असते. वायरी कुरतडलेल्या असतील तर तो खर्च आधी कोणालाच सांगता येत नाही. अशी गाडी वाईट नव्हे. इंजिन खरोखर कमी चाललेले असते. पण तिला कमी किलोमीटरसाठी जास्त भाव देण्याचे कारण नाही. वयाप्रमाणे भाव धरून त्यातून गाडी चालू करण्याचा सगळा खर्च वजा करावा, हाच न्याय्य हिशेब.

दुसरा प्रकार गोव्याच्या भाड्याच्या गाड्यांचा. तेरेखोल ओलांडले की गोवा आहे आणि तिथे पर्यटकांना भाड्याने दिलेल्या बुलेट, अव्हेंजर, हिमालयन काही वर्षांनी खासगी करून विकल्या जातात. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. खासगी झाल्यावर पाटी बदलते, पण पूर्वीच्या वापराची माहिती नोंदीत राहते, ती मागून घ्यावी. या गाड्या नियमित दुरुस्त होतात हे खरे. पण दर दोन दिवसांनी नवा माणूस, त्यांतल्या अनेकांना गाडीची सवय नाही, त्यामुळे क्लचप्लेटा, गिअर आणि कोनसेट लवकर जातात आणि पडल्याच्या खुणा असतात. सारख्याच वयाच्या घरगुती गाडीपेक्षा तिचा भाव निश्चित खाली असावा.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि आधी चालू करून ठेवू नका असे बजावून सांगावे. सायलेन्सर गरम लागला तर त्या दिवशी परत यावे. थंड इंजिन चालू होताना होणारी खळखळ, निळसर धूर आणि सेल्फचा दम यांतून बरेच कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. मग गाडी किमान तासभर चालवावी. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, पुढे दाणोली आणि आंबोलीचा घाट हा त्यासाठी उत्तम रस्ता आहे. इंग्रजी अमदानीत वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या छावणीला जाणारी वाट हीच होती. पायथ्यापासून सुमारे सातशे मीटर उंचीपर्यंत सलग चढण आहे. चढावर मागे माणूस बसवून वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. उतारावर ब्रेक तापून दांडी मऊ पडते का, वळणावर हँडल मधल्या जागी अडकते का, खड्ड्यातून जाताना मागून खटका येतो का, हे लक्षात ठेवावे. सपाट गावात पाच मिनिटे फिरवून यांतले काहीच कळत नाही. टूरिंगची गाडी तासभरानंतर कशी वागते याचेच पैसे मोजायचे असतात.

दोष सापडले म्हणजे त्यांचा सगळा खर्च भावातून कापायचा, असे नाही. वयाप्रमाणे धरलेल्या भावात सर्वसाधारण झीज आधीच धरलेली असते. चार वर्षांच्या गाडीचे टायर आणि चेन किट निम्मे झिजलेले असणारच. ते नवे घातले तर घेणाऱ्याला सरासरीपेक्षा चांगली गाडी मिळते, म्हणून त्या खर्चाचा निम्मा भार विकणाऱ्यावर आणि निम्मा घेणाऱ्यावर टाकणे योग्य. गंजलेल्या नळ्या किंवा सडलेला सायलेन्सर ही मात्र सर्वसाधारण झीज नव्हे. ती पूर्ण कापावी. उदाहरणादाखल एक गणित मांडता येईल. समजा, ३५० सीसीच्या गाडीची आजची शोरूम किंमत २,००,००० रुपये आहे. समोरची गाडी चार वर्षे चार महिन्यांची, ३१,००० किलोमीटर झालेली, किनाऱ्यालगतच्या घरातली आहे आणि मालक १,४५,००० मागतो. विम्याच्या तक्त्याने तिची किंमत १,००,००० येते. घाटावरच्या निरोगी गाड्या प्रत्यक्षात १,२५,००० च्या सुमारास जातात, असे चौकशीत कळले. हा आकडा पाया धरायचा. टायर ७,५००, चेन किट ३,५००, बॅटरी २,०००, सर्व्हिस आणि ब्रेक पॅड ३,००० मिळून १६,००० होतात, त्यांतले निम्मे म्हणजे ८,००० कापायचे. शॉकअपच्या नळ्या ६,००० आणि सायलेन्सर ६,००० असे १२,००० पूर्ण कापायचे. उरले १,०५,०००. दोन-तीन हजार इकडेतिकडे धरून हाच रास्त भाव. सुट्या भागांचे दर ज्याने त्याने आपल्या मेस्त्रीकडून घ्यावेत, पद्धत मात्र हीच ठेवावी. असा कागदावर लिहिलेला हिशेब समोर ठेवला की घासाघीस आपोआप सुट्या भागांच्या दरांवर येते आणि कोणाचा अपमान होत नाही.

टूरिंग गाडीबरोबर सामानाच्या पेट्या, क्रॅश गार्ड, जादा दिवे, उंच काच, मोबाइलचे स्टँड अशा वस्तू येतात आणि मालकाने त्यांवर तीस-चाळीस हजार घातलेले असतात. घेणाऱ्याला त्यांतल्या ज्या हव्या आहेत तेवढ्यांनाच, आणि तीही नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत द्यावी. जड पेट्यांच्या पट्ट्या जिथे मागच्या चौकटीला जोडलेल्या असतात तिथे तडा किंवा नवे वेल्डिंग दिसले तर भाव पुन्हा मांडावा. जादा दिव्यांसाठी मूळ वायर कापून जोडलेली असेल तर ती किनाऱ्याच्या हवेत तिथूनच सडते. फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर ही भर नव्हेच. तो बेकायदा आहे, पोलीस जप्त करतात, म्हणून मूळ सायलेन्सर दिला नाही तर त्याची किंमत वजा करावी.

कागदपत्रांत पहिले पाहायचे ते नोंदणी प्रमाणपत्र, आणि त्यावरचे चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी आकडा-आकडा जुळवायचे. किनाऱ्यावर इथेही गंज आडवा येतो. हस्तांतराच्या अर्जावर चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घ्यावी लागते आणि क्रमांक गंजून पुसट झाला असेल तर काम अडते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, त्याचे शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचा भाव धरताना हा येऊ घातलेला खर्च मोजावा. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा बाजार मात्र निराळा आहे. उजव्या पायाला गिअर असलेल्या या गाड्या हौसेने घेतल्या जातात आणि तिथे वयाचा तक्ता चालत नाही. मूळ भाग किती शिल्लक आहेत यावर भाव ठरतो.

प्रमाणपत्रावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. दंडाची थकलेली ई-चलने मालकाकडून आधी भरून घ्यावीत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसली आहे का, तेही पाहावे. मुंबई किंवा ठाण्याची गाडी सिंधुदुर्गात आणली तर राज्य एकच असल्याने कर पुन्हा भरावा लागत नाही. गोवा किंवा बेळगावची गाडी घेतली तर तिथल्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते, महाराष्ट्राचा कर वयाप्रमाणे भरावा लागतो आणि एमएच-०७ चा नवा नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च आणि महिन्या-दोन महिन्यांची धावपळ किमतीतून वजा केली नाही तर गोव्याची स्वस्त गाडी महाग पडते.

विम्यातही पैसा लपलेला असतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला तो वर्षाला १,३६६ रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २,८०४ रुपये पडतो, कर वेगळा. या विम्याची तीन वर्षे उरलेली मोठी गाडी घेतली तर तेवढ्या वर्षांचे पैसे वाचतात. दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत मात्र विकणाऱ्याची असते, ती गाडीबरोबर जात नाही. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते.

खरेदीची वेळही भाव हलवते. जून-जुलैच्या पावसात कोकणात गाडी घ्यायला कोणी उत्सुक नसते आणि पितृपक्षात व्यवहार टाळले जातात. दसरा-दिवाळीला नवी गाडी घेणाऱ्यांच्या जुन्या गाड्या बाजारात येतात, म्हणून त्यानंतरच्या काही आठवड्यांत निवडीला सर्वाधिक वाव असतो. पावसाळा सोसून बाहेर पडलेल्या गाडीचा गंजही तेव्हा ताजा आणि उघडा दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये धुऊन, रंगवून उभी केलेली गाडी पाहण्यापेक्षा ते बरे.

भाव ठरला की विसार म्हणून थोडी रक्कम देऊन साधा लेखी करार करावा. त्यात तारीख आणि गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहावी. फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. सिंधुदुर्गासाठी हे कार्यालय ओरोसला आहे. ‘सह्या करून दिल्या, म्हणजे झाले’ या समजुतीवर विकणाऱ्याने थांबू नये. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. गाडी चार हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून ठरलेल्या रकमेतला शेवटचा हिस्सा नाव बदलल्यानंतर देण्याची अट घेणाऱ्याने घालावी, आणि गाडी विकणाऱ्याने ती आनंदाने मान्य करावी. नाव लवकर बदलण्यात त्याचा स्वतःचाच फायदा अधिक आहे.